गुरुवारी उघडलेला गिझर

बाकीच्या जगाला रविवारी सुट्टी असते. आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ती गुरुवारी असते, कारण कारखान्यांची वीज बंद ठेवायचा वार वर्षानुवर्षं गुरुवारचा. मुलं शाळेत, बायका आपापल्या कामात आणि पुरुष तेवढे घरी, असा हा दिवस. आठवडाभर कंपनीत मशिनी दुरुस्त करून ज्यांचे हात शिवशिवत असतात, ती माणसं गुरुवारी घरातल्या वस्तूंवर तुटून पडतात. मिक्सर चांगला चालत असतो, तो उघडतात. पंखा गुपचूप फिरत असतो, तो खाली उतरवतात. आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत गुरुवारी दुपारी जिना चढत गेलं, तर मजल्या-मजल्यावर काहीतरी उघडं पडलेलं दिसतं आणि त्याच्याभोवती बनियनवरचे तज्ज्ञ उभे असतात.

माझे यजमान या तज्ज्ञांचे म्होरके. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात सुपरवायझर आहेत. "मेंटेनन्सवाल्याच्या घरात प्लंबर आला की त्याने राजीनामा द्यावा," हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्न होऊन मी लातूरहून इकडे आले तेव्हापासून आमच्या घरात प्लंबर नावाच्या माणसाने पाऊल टाकलेलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, "वहिनी, तुम्ही नशीबवान." या नशीबवान बाईच्या स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरायचा. बंद करायला डावीकडे, चालू करायला उजवीकडे. पाहुणे आले की आधी त्यांना नळाचं प्रशिक्षण द्यावं लागायचं. हॉलमधलं दिव्याचं बटण दाबलं की आतल्या खोलीतला पंखा लागायचा. मी कधी तक्रार केली की ते म्हणत, "चालतंय ना? मग झालं."

एक गोष्ट मात्र खरी. या माणसाला त्याच्या कामातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटी कामगाराने कंपनीच्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्वला तार बांधली होती, सारखी वाफ सोडतो म्हणून. त्या दिवशी हे घरी आले ते तडक स्वयंपाकघरात. जेवले नाहीत. कुकरची शिट्टी हातात घेऊन त्यांनी मला समजावलं, की वाफेला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर ती भिंत फोडून वाट काढते. "माणसं मारायची आहेत का यांना?" असं ते किती वेळ बडबडत होते. त्या कामगाराला त्यांनी खात्यातून काढायला लावलं. पुढे सुरक्षा सप्ताहात कंपनीने यांना एक ढाल दिली. ती आमच्या शोकेसमध्ये आहे आणि दर दिवाळीला मीच ती पुसते.

गेल्या थंडीत आमची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर तळेगावचं. मुलगी झाली. घरात बाळंतीण आणि तान्हं बाळ म्हणजे गरम पाण्याला खळ नाही. सकाळी मालिशवाली बाई यायची. ती इथल्याच जुन्या गावातली, हाडाने खणखणीत आणि तोंडाने त्याहून. पाय पसरून पाटावर बसायची, बाळाला पायांवर आडवं घ्यायची आणि तांब्यामागून तांब्या ओतायची. हे सगळं आमच्या मोठ्या बाथरूममध्ये, बरोबर गिझरच्या खाली. दुसऱ्या बाथरूममध्ये गिझर नाही.

अशात गिझर टपकायला लागला. गिझरच्या बुडाशी, थंड पाणी आत शिरतं तिथे एक छोटा पितळी व्हॉल्व असतो, त्याच्या तोंडातून थेंब थेंब पाणी. आधी गिझर चालू असताना, मग दिवसभर. मी म्हटलं, "अहो, एखादा प्लंबर बोलवा. घरात बाळ आहे."

"एवढ्याशा लीकेजला प्लंबर? गुरुवार येऊ दे."

गुरुवार आला. यजमानांनी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलावलं. ते चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत. आपण त्यांना क्वालिटीवाले म्हणू. त्यांच्याबरोबर समोरच्या दारातले टूलरूमवाले आले. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांच्या हाताखाली धातू कातायच्या लेथ मशिनी आहेत, आणि तेवढं सोडून त्यांच्याकडे बोलायला दुसरा विषय नाही. तिघेही बाथरूमच्या दारात उभे राहिले. मी चहा केला.

क्वालिटीवाल्यांची एक पद्धत आहे. काही बिघडलं की पाच वेळा "का?" विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. कंपनीत त्यांना हे शिकवलंय. त्यांनी थेंबाकडे बोट दाखवून सुरुवात केली. पाणी का गळतं? व्हॉल्वमधून येतं म्हणून. व्हॉल्वमधून का येतं? आत दाब आहे म्हणून. इथेच थांबले असते आणि तो दाब कशाने वाढला हे बघितलं असतं, तर त्यांच्या पायावर डोकं ठेवायला मी तयार होते. पण पाचाचा कोटा पुरा करायचा होता. दाब बाहेर का येतो? भोक आहे म्हणून. भोक का आहे? बंद केलेलं नाही म्हणून. का बंद केलेलं नाही? तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मूळ कारण सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर पसरला.

"राव, मी प्लग बनवून देतो," टूलरूमवाले म्हणाले. "असा फिट बसवतो, एक थेंब येणार नाही."

खरंच बनवून आणला त्यांनी. कंपनीच्या लेथवर, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्याच पितळेचा. पकडायला कडेने बारीक खाचा, वर आरशासारखी पॉलिश. दागिन्यांच्या डबीत ठेवावा इतका देखणा. पुढच्या गुरुवारी तो व्हॉल्वच्या तोंडावर बसला आणि टपकणं बंद झालं. क्वालिटीवाल्यांनी आधीचा आणि नंतरचा असे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, "शून्य गळती". दिवसभर अंगठे येत होते. मीसुद्धा एक टाकला, खोटं कशाला बोलू.

आता त्या पितळी व्हॉल्वचं काम काय, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मला वाटलं नळासारखा नळ, गळत होता, बंद केला. पण प्लग घट्ट करताना यजमानांचा हात मध्येच थांबला होता, एवढं मी पाहिलं. क्वालिटीवाले म्हणाले, "काय झालं साहेब?" हे म्हणाले, "काही नाही," आणि पान्याने शेवटचा आटा दिला.

त्याच दिवसापासून हे थंड पाण्याने अंघोळ करू लागले. गिझर नसलेल्या बाथरूममध्ये, भर थंडीत. म्हणाले, "लेकीला आणि बाळाला पाणी पुरू दे. मला गारच बरं वाटतं." माझा ऊर भरून आला. मी लातूरला माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, तळेगावला विहीणबाईंना सांगितलं, दारात भेटेल त्या शेजारणीला सांगितलं. सकाळी कुडकुडत बाहेर येणाऱ्या या माणसाला मी आलं घालून चहा द्यायची आणि मनात म्हणायची, तोंडाने कसाही असला तरी जीव आहे हो पोटच्या पोरीवर.

गिझर मात्र बोलायला लागला. आमच्याकडे पालिकेचं पाणी एक दिवसाआड, बाकी सगळा टँकरचा कारभार. त्या पाण्याचे क्षार तांब्यालासुद्धा पांढरे थर आणतात, मग गिझरच्या आत काय झालं असेल. चालू केला की तो आतून गुरगुरायचा, मग खडखड वाजायचा. पाणी कधी कोमट, कधी चटका बसेल असं, कधी तांबूस. मग तो आपोआप बंदच पडायला लागला. बाळ साबणात माखलेलं असताना गिझरचा लाल दिवा विझायचा आणि मालिशवाली आतून ओरडायची, "ताई, पानी गार झालं की वो!" मी गॅसवर पातेलं चढवून पळत सुटायची.

"आता तरी प्लंबर बोलवा," मी म्हटलं.

"अगं, कटआउट ट्रिप होतोय," यजमान म्हणाले. पाणी फार तापलं की गिझर आपोआप बंद करणारा एक भाग असतो, तो कटआउट. म्हणजे गिझर बिचारा सांगत होता की मला झेपत नाही, मला थांबवा. पण कंपनीत यांना एकच शिकवलंय, लाइन थांबता कामा नये. एखादा सेन्सर सारखा मशीन थांबवत असेल तर त्याला वायरीने बगल द्यायची आणि माल काढत राहायचं. याला हे लोक बायपास मारणं म्हणतात. गुरुवारी तिघांनी मिळून बायपास मारला. "सध्या चालू दे, शटडाऊनला नीट बघू," असं यजमान म्हणाले. कंपनी दुरुस्तीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तो शटडाऊन.

मी विचारलं, "घरात शटडाऊन कधी असतो?"

तिघांनीही चहाचे कप तोंडाला लावले.

त्यानंतर गिझर बंद पडेना. दिवा विझायचंच नाव घेईना. यजमान मला बोलावून दाखवायचे, "बघ, आता ट्रिप होतो का?" मला त्या लाल दिव्याची भीती वाटायची. पण बायकांना काय कळतं, हे या पट्ट्यातल्या पुरुषांच्या तोंडावर कायम छापलेलं असतं, आणि मी गप्प बसले. याचा मला अजून राग येतो.

पुढच्या गुरुवारी सकाळी मालिशवाली बाळाला पायांवर घेऊन बसली होती. लेक शेजारी उकिडवी बसून बादलीतल्या गरम पाण्यात विसण घालत होती. तिने थंडाचा नळ सोडला. नळ आधी फुसफुसला, खोकला, आणि थंडाच्या नळातून वाफाळतं पाणी उसळलं. लेकीच्या मनगटावर आलं. ती किंचाळली. मालिशवालीने बाळाला छातीशी धरून अशी उडी मारली की तशी त्या वयात मी कुणाला मारताना पाहिलेली नाही. वर गिझर हादरत होता. खरोखर हादरत होता, भिंतीतून सुटत आलेले खिळे दिसत होते. मी हात लांब करून बाहेरचं बटण बंद केलं.

बाळाला काही झालं नव्हतं. साबण डोळ्यात गेला म्हणून रडत होतं. लेकीचं मनगट लालबुंद झालं होतं, ते मी दुसऱ्या बाथरूममधल्या गार पाण्याखाली धरलं.

"न्हाई ताई," मालिशवाली म्हणाली, "आता मी त्या न्हानीत पाय न्हाई ठिवायची. पोरीच्या अंगावर उडालं असतं म्हंजी? तुमचं घर हाय का भट्टी हाय?"

आवाज ऐकून यजमान आले. गुरुवार असल्यामुळे क्वालिटीवाले आणि टूलरूमवालेही आले, पान्याची पेटी घेऊनच. तिघांनी दारातून मान आत घातली. क्वालिटीवाले म्हणाले, "थंडाच्या लाइनला गरम का येतंय? इंटरेस्टिंग आहे." टूलरूमवाले म्हणाले, "त्या लाइनलाही एक प्लग बसवला तर?" यजमान म्हणाले, "काही नाही, किरकोळ आहे. थोडं सेटिंग करतो. अर्ध्या तासात अंघोळ होईल."

किरकोळ हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं उलटा नळ फिरवला, चुकीचं बटण दाबलं, तोंडातून शब्द काढला नाही. पण त्या लाल मनगटाला किरकोळ म्हटल्यावर माझ्यात काही उरलं नाही. टॉवेलात गुंडाळलेलं बाळ मी मालिशवालीकडून घेतलं आणि यजमानांच्या हातात दिलं.

"घ्या नातीला. आत पाटावर बसा. गिझरच्या खाली. मी बटण दाबते."

"अगं, हे काय आता..."

"किरकोळ आहे ना? मग बसा की. इतके दिवस तुमची लेक बसते, ही बाई बसते, मी बसते. आज तुम्ही बसा."

माझं बोट बटणावर होतं. ते बाळाला घेऊन बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत गेले. वर गिझरकडे बघितलं. त्या चकचकीत प्लगकडे बघितलं. एक पाय उचलला आणि तो तसाच मागे घेतला. नंतर त्यांनी बाळाचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं आणि पाठ फिरवून उभे राहिले, गिझर आणि बाळ यांच्यामध्ये स्वतःचं अंग येईल असे. बटण बंद होतं तरी.

क्वालिटीवाले फरशीकडे बघत होते. पाच वेळा सोडा, एकदाही त्यांनी "का?" विचारलं नाही.

"प्लंबर बोलवा," यजमान म्हणाले. पण बोलवायचा कुणाला? तिघांपैकी एकाकडेही प्लंबरचा नंबर नव्हता, राजीनामे द्यावे लागले असते ना. शेवटी क्वालिटीवाल्यांची बायको खाली आली, परिस्थिती पाहिली, आणि कुणाकडे न बघता तिने स्वतःचा मोबाइल काढला. नंबर तिच्याकडे होता. "पार्लर" या नावाने ठेवला होता.

प्लंबर आला तो वॉचमनला हाक मारत, ओळखीच्या माणसासारखा. कानात इयरफोन, तोंडात मावा. क्वालिटीवाल्यांच्या बायकोला बघून म्हणाला, "अरे ताई, आज गुरुवारी? तुमच्याकडं शुक्रवारी येत असतो ना मी." मग हसत सुटला. तेव्हा कळलं की आमच्या अख्ख्या इमारतीत हा माणूस दर शुक्रवारी येतो. गुरुवारी पुरुषांनी केलेलं शुक्रवारी बायका निस्तरतात, नवरे कंपनीच्या बसमध्ये बसले की. टूलरूमवाल्यांच्या घरचा बेसिनचा पाइप त्याने इतक्यांदा बदललाय की त्याला तो तोंडपाठ आहे. एवढ्या बायकांमध्ये मीच एक बावळट, नवऱ्याच्या शब्दावर उलटा नळ फिरवत बसलेली.

हा प्लंबर काही देवमाणूस नव्हता. मावा गॅलरीतून खाली थुंकला, बाथरूमभर बुटांचे ठसे उठवले, दोनदा चहा मागितला आणि फोनवर कुणाशी तरी भांडत भांडतच काम केलं. पण त्याने प्लग एक आटा सैल केला तेव्हा आतून जी शिट्टी सुटली ती कुकरची होती. गढूळ गरम पाणी भिंतीवर उडालं. तो मागे सरला, फोन बंद केला आणि पहिल्यांदा नीट उभा राहिला.

"सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडावर प्लग? कुणी बसवला हा?"

"आधीच्या प्लंबरने," यजमान म्हणाले.

टूलरूमवाल्यांनी स्वतःच्या हाताने पाडलेल्या खाचांकडे बघितलं आणि मान वळवली. मी म्हटलं, "दादा, आमच्या घरात आजवर प्लंबर आलेला नाही."

त्याने आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि कामाला लागला. टाकी फुगली होती, पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट चिकटला होता, आणि बाहेर पडायला वाट नसलेलं गरम पाणी थंडाच्या पाइपात उलटं शिरलं होतं. गिझर खाली काढून ठेवताना तो मला म्हणाला, "ताई, शॉवरची जाळी घासा, नळाचा वायसर बदला, कोन नको म्हणतंय? पन गिझर खडखडला, सारखा टपकला, सारखा बंद पडला नायतर थंडात गरम आलं, की बटन बंद करायचं आन फोन लावायचा." आता हे न कळण्याइतकं अवघड आहे का? मला पहिल्या थेंबाला कळलं होतं. नातीची अंघोळ त्या दिवशी स्वयंपाकघरात झाली, गॅसवर तापवलेल्या पाण्याने, आणि मालिशवाली म्हणाली की पोर आज हसली.

सगळे गेल्यावर मी यजमानांसमोर जाऊन बसले. ते शोकेसकडे तोंड करून बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे... शंका होती."

"कधीपासून?"

"प्लग घट्ट करताना."

"मग काढला का नाही?"

"ते दोघं समोर उभे होते," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर काय सांगणार, की मेंटेनन्सवाल्याला गिझर जमत नाही? आणि मग फोटो पण गेले ग्रुपवर."

तेवढ्यात मला थंड पाणी आठवलं. आल्याचा चहा आठवला. बहिणीला केलेला फोन आठवला.

"आणि तुम्ही थंड पाण्याने अंघोळ का करत होता?"

त्यांनी मोठ्या बाथरूमच्या दाराकडे एकदा बघितलं आणि तोंड पुन्हा शोकेसकडे वळवलं. आतल्या खोलीत लेक बाळाला झोपवत होती, तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. "लेकीला पाणी पुरावं म्हणून" असं पुन्हा म्हणाले असते, तर मी ते कदाचित मानलंही असतं, कारण मला तेच ऐकायचं होतं. पण त्यांनी ते म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी प्लंबरने नवा गिझर बसवला. जाताना मी त्याच्याकडून स्वयंपाकघरातला नळही सरळ करून घेतला. लेक बाळाला घेऊन तळेगावला गेली, तिच्या मनगटावरचा डाग फिकट झाला. यजमान अजून त्या दुसऱ्या बाथरूममध्ये थंड पाण्यानेच अंघोळ करतात. नवा गिझर चांगला चालतो, पाणी भरपूर असतं. मी त्यांना एकदाही गरम घ्या म्हटलेलं नाही.